वाचा आणि वाचा : कानाने वाचणाऱ्याची मराठी

मराठीत ‘वाचा’ हा शब्द दोन प्रकारे उच्चारता येतो. ‘चंद्र’मधला च घेतला तर वाचा म्हणजे वाणी. ‘चांगला’मधला च घेतला तर ती विनंती किंवा आज्ञा होते : पुस्तक वाचा. कागदावर दोन्ही शब्द काना-मात्रेसह सारखे दिसतात. डोळ्यांनी वाचणाऱ्याला याची अडचण जाणवत नाही, कारण वाक्याच्या ओघात योग्य तो च त्याच्या मनात आपोआप उमटतो. यंत्राच्या आवाजात पुस्तक ऐकणाऱ्याला मात्र ही निवड यंत्रावर सोपवावी लागते, आणि यंत्राला बहुधा एकच च ठाऊक असतो.

या दोन शब्दांमधल्या अंतराविषयी मला लिहायचे आहे. मराठी श्राव्य पुस्तकांना बरे दिवस आले आहेत असे हल्ली म्हटले जाते, आणि त्यात तथ्य आहे. पण पुस्तकाला वाचा फुटणे आणि पुस्तक वाचता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीचा उत्सव करताना आपण दुसरीकडे दुर्लक्ष करत आहोत, असे माझे म्हणणे आहे. दृष्टिहीन वाचकाचे यात जे नुकसान होते ते उघड आहे. मराठी समीक्षेचेही काही नुकसान होते, त्याकडे मात्र फारसे लक्ष गेलेले नाही.

माझी भूमिका एकदाच सांगून टाकतो. मी जोगेश्वरी पूर्वेला राहतो. माझी नजर तिशीत हळूहळू गेली. गेली वीस वर्षे दृष्टिहीन विद्यार्थ्यांना आणि नोकरदारांना संगणक आणि मोबाइलवरचा स्क्रीन रीडर शिकवणे हे माझे काम आहे. साहित्याचे रीतसर शिक्षण झालेले नाही. जे वाचले त्यातले निम्मे डोळ्यांनी आणि निम्मे कानांनी, एवढीच माझी अभ्यासाची साधनसामग्री.

१

मराठी माणसाला ऐकण्याची सवय नवी नाही. ज्ञानेश्वरी ज्ञानेश्वरांनी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली, असे परंपरा मानते. कीर्तन, प्रवचन, श्रावणातले पोथीवाचन या सगळ्यांत एकाने वाचायचे आणि इतरांनी ऐकायचे, हाच रिवाज होता. अक्षरओळख नसलेल्या असंख्य लोकांपर्यंत ग्रंथ पोहोचला तो या वाटेने.

याच वाटेवर विदर्भातले गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) भेटतात. त्यांची दृष्टी तान्हेपणीच गेली. त्यांनी ग्रंथ इतरांकडून वाचून घेतले आणि स्वतःचे ग्रंथ सांगून लिहवून घेतले. अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात त्यांच्या लहानमोठ्या रचनांची संख्या शंभराच्या पुढे गेली. लोकांनी त्यांना ‘प्रज्ञाचक्षू’ म्हटले. या गौरवात एक साधी गोष्ट झाकली जाते. त्यांच्या प्रत्येक वाचनासाठी दुसरे कोणीतरी मोकळे असावे लागत होते. वाचनाची भूक त्यांची होती, पण वेळ वाचून दाखवणाऱ्याचा होता.

दृष्टिहीनांच्या वाचनाचा पुढचा सगळा इतिहास हे अवलंबित्व कमी करण्याचा आहे. ब्रेलने ते केले, पण ब्रेल पुस्तकाचा पसारा मोठा. एका जाड कादंबरीचे अनेक खंड होतात. अमेरिकेत १९३४ साली आणि ब्रिटनमध्ये १९३५ साली दृष्टिहीनांसाठी तबकड्यांवरची ‘बोलकी पुस्तके’ सुरू झाली. ब्रिटनमधल्या पहिल्या पुस्तकांत अगाथा ख्रिस्तीची एक रहस्यकथा आणि जोसेफ कॉनरॅडची ‘टायफून’ ही होती. दीर्घकाळ वाजणारी तबकडी संगीताच्या बाजारात आली ती १९४८ साली. तोवर दृष्टिहीन वाचक तिच्यावर कादंबऱ्या ऐकून बसला होता. आपल्याकडे १९५१ साली भारतीय भाषांसाठी समान ‘भारती ब्रेल’ ठरली, आणि १९५२ साली मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था स्थापन झाली. तिच्या बोलक्या पुस्तकांच्या ग्रंथालयाने आणि ठिकठिकाणच्या स्वयंसेवकांनी ध्वनिफितींवर वाचून ठेवलेल्या पुस्तकांवर दृष्टिहीनांच्या दोन पिढ्या शिकल्या. त्या कॅसेटांत मागे पंखा फिरत असे, मध्येच कुकरची शिट्टी होत असे. पण वाचणारी बाई पान क्रमांक सांगायला विसरत नसे.

मराठीत याच काळात दुसरा एक प्रवाह जोरात वाहत होता. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर या त्रयीने कथाकथन गावोगावी नेले. व. पु. काळे यांनी त्याला शहरी, मध्यमवर्गीय वळण दिले. पु. ल. देशपांडे यांच्या कॅसेटी घरोघरी पोहोचल्या. २०१७ साली स्टोरीटेल भारतात आले, ते मराठीला बरोबर घेऊनच. त्याच्या आगेमागे आणखी काही मराठी उपक्रम उभे राहिले. वाचणारे बहुतेक रंगभूमी, मालिका आणि आकाशवाणीवरचे कलावंत होते. म्हणजे आजचे मराठी श्राव्य पुस्तक वंशाने पाहिले तर ग्रंथालयापेक्षा रंगमंचाच्या जवळचे आहे. ते कुकरच्या शिट्टीवाल्या कॅसेटचे वारस नसून कथाकथनाचे वारस आहे. त्याचे गुण आणि त्याच्या मर्यादा दोन्ही येथून येतात.

२

गुण आधी सांगितले पाहिजेत. चांगला अभिवाचक ‘वाचा’चे दोन्ही च बरोबर उच्चारतो. ग्रामीण संवादातला हेल तो जपतो. लांब वाक्याची गाठ कुठे सोडायची हे त्याला कळते. रात्रीच्या लोकलमध्ये उभ्याने एक कादंबरी संपवण्याचे सुख मी या कलावंतांमुळेच घेतले आहे, आणि त्यांचा मी ऋणी आहे.

पण अभिवाचन हे वाचन नव्हे. दुसऱ्याने केलेल्या वाचनाचे ते प्रदर्शन आहे. एखादे पात्र खोटे बोलत आहे की स्वतःला फसवत आहे, हे लेखकाने मुद्दाम उघडे ठेवलेले असते. अभिवाचकाला ते उघडे ठेवून बोलता येत नाही. त्याच्या आवाजाला काहीतरी ठरवावेच लागते, आणि त्याने ठरवलेले माझ्या कानात कायमचे बसते. पुलंच्या बाबतीत तर डोळस वाचकांचेही हेच झाले आहे. ‘म्हैस’ छापील पानावरून वाचतानाही बहुतेकांच्या मनात त्यांचाच आवाज चालू असतो, आणि त्यांच्या विरामाला आपण मजकुराचा भाग समजतो. तेथे लेखक आणि कथनकार एकच असल्यामुळे तक्रारीला जागा नाही. दुसऱ्याच्या पुस्तकावर जेव्हा असा आवाज चढतो तेव्हा प्रश्न उभा राहतो.

याच्या उलट टोकाला स्क्रीन रीडर आहे. हा संगणकावरचा मजकूर बोलून दाखवणारा कार्यक्रम. ‘जॉज’ हा त्यातला जुना आणि महागडा; टेड हेन्टर या स्वतः दृष्टी गमावलेल्या अमेरिकी तंत्रज्ञाने १९८९ साली तो बाजारात आणला. ‘एनव्हीडीए’ हा मोफत कार्यक्रम २००६ साली ऑस्ट्रेलियात मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने सुरू केला. त्याचा सहकारी जेम्स टेह हाही दृष्टिहीनच. माझ्या बहुतेक विद्यार्थ्यांना परवडतो तो हाच. याच्याबरोबर येणारा ‘ईस्पीक’चा आवाज पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटतो. तो माणसाच्या आवाजाचे तुकडे जोडत नाही, ध्वनी गणिताने घडवतो. म्हणून वेग कितीही वाढवला तरी त्याची अक्षरे एकमेकांत मिसळत नाहीत. सराव झालेले वाचक तो अभिवाचनाच्या दुप्पट-तिप्पट वेगाने ऐकतात. शेजारी बसलेल्याला ती नुसती कटकट वाटते. ऐकणाऱ्यासाठी ते पान असते.

या निर्विकार आवाजाचा मोठा गुण असा की तो मला काही सुचवत नाही. कुठे रडायचे, कुठे हसायचे हे माझ्यावर सोडतो. मी थांबू शकतो, मागचे वाक्य पुन्हा घेऊ शकतो, एखादा शब्द अक्षर-अक्षर करून तपासू शकतो. लेखकाने ‘नदि’ लिहिले की ‘नदी’, हे कोणताही अभिवाचक मला सांगू शकणार नाही. स्क्रीन रीडर सांगतो. समीक्षेसाठी, संशोधनासाठी, परीक्षेच्या अभ्यासासाठी हे लागते. एम.ए.ला बसलेल्या मुलीला अवतरणाखाली पृष्ठांक द्यायचा असतो, आणि बाजारातल्या श्राव्य पुस्तकात पाने नसतात, तास आणि मिनिटे असतात. याच गरजेतून १९९६ साली ‘डेझी’ या जागतिक संघाची स्थापना झाली. डेझी पद्धतीच्या पुस्तकात ध्वनीबरोबर प्रकरणे, उपशीर्षके आणि पाने यांच्या खुणा असतात. वाचक थेट हव्या त्या पानावर जातो. जुन्या कॅसेटवरची बाई पान क्रमांक सांगत होती त्याचेच हे शिस्तशीर रूप.

३

तर मग यंत्राच्या आवाजातच सारे वाचावे, असे का नाही? कारण यंत्राला मराठी पुरती येत नाही, आणि ती का येत नाही हे पाहण्यासारखे आहे. अडचण यंत्राएवढीच आपल्या लेखनपद्धतीतही आहे.

च, ज, झ या अक्षरांचे मराठीत दोन-दोन उच्चार आहेत, तालव्य आणि दंततालव्य. लिपीत हा भेद दाखवला जात नाही. काही कोशांनी नुक्ता देऊन तो दाखवण्याचा प्रयत्न केला. छापील पुस्तकांत तो रुजला नाही. ‘जप’ म्हणजे नामस्मरण आणि ‘जप’ म्हणजे सांभाळ. ‘जरा’ म्हणजे म्हातारपण आणि ‘जरा’ म्हणजे थोडे. ‘जी जात नाही ती जात’ हे आपल्या समाजावरचे कडवट वाक्य घ्या. त्यातला पहिला ‘जात’ जाण्याचा आहे, दुसरा माणसाला चिकटलेला. दोन ज निराळे उच्चारले तरच त्या वाक्याला धार येते. माझ्या संगणकावरचा एक आवाज दोन्हीकडे एकच ज उच्चारतो, आणि वाक्य बोथट होऊन पुढे जाते.

ब्रेलमध्येही हे दोन उच्चार निराळे लिहिले जात नाहीत, पण ब्रेल वाचणाऱ्याचे त्यावाचून अडत नाही. बोटाखाली अक्षर येते, उच्चार तो स्वतः पुरवतो. लिपी वाचणारा अर्धे काम स्वतः करतो. ऐकणाऱ्याकडे ते काम आधीच होऊन आलेले असते, चुकलेले असले तरी. ब्रेल शिकवणे कमी होत चालले आहे याची मला जी चिंता वाटते तिचे एक कारण हे आहे.

दुसरी अडचण आपल्या प्रमाणलेखनाची. साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, ते बरेच झाले. पण ‘असे झाले’ असे लिहायचे आणि ‘असं झालं’ असे बोलायचे, ही तडजोड राहिली. डोळस वाचक मोठ्याने वाचताना हा बदल नकळत करतो. ‘त्याने काम केले’ यातले ‘केले’ तो ‘केलं’ म्हणतो आणि ‘त्याने आंबे गोळा केले’ यातले ‘केले’ तसेच ठेवतो. यंत्र दोन्ही ‘केले’ सारखेच म्हणते. त्यामुळे घरगुती आठवणीही सरकारी निवेदनासारख्या ऐकू येतात. प्रस्तुत लेखही मी एकारान्तच लिहिला आहे. माझा संगणक तो मला बातम्यांच्या सुरात ऐकवतो.

तिसरे उदाहरण भटक्यांच्या कामाचे आहे. सह्याद्रीत ‘दऱ्या’ असतात आणि कोकणाला ‘दर्या’ असतो. अर्ध्या र ची ही दोन रूपे मराठीने काळजीपूर्वक वेगळी ठेवली आहेत. आचाऱ्यांना आणि आचार्यांना एकाच पंक्तीत बसवण्याची चूक आपण करत नाही. पण टंकलेखन करणारा घाईत दोन्हीकडे रफारच देतो. डोळा ते चालवून घेतो. कानाला मात्र गिर्यारोहक चक्क समुद्रात उतरलेला ऐकू येतो.

हल्ली माणसासारखे गोड बोलणारे नवे कृत्रिम आवाज आले आहेत. ते यापैकी काही चुका टाळतात. उरलेल्या चुका मात्र इतक्या आत्मविश्वासाने करतात की त्या चुका आहेत हे कळायलाच वेळ लागतो. पत्र्याच्या डब्यावर माझा विश्वास नव्हता, म्हणून मी सावध होतो.

४

या दोन आवाजांचा, म्हणजे अभिवाचकाच्या आणि यंत्राच्या आवाजाचा, साहित्याच्या आकलनावर काय परिणाम होतो? मी यासाठी मराठीतले निसर्गलेखन घेतले. एक तर मला रानात जायची ओढ आहे. जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता ओलांडून आरेत शिरले की अर्ध्या तासात डांबराचा वास मागे पडतो, आणि बोरिवलीचे सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान उत्तरेला पसरलेले आहे. दुसरे असे की निसर्गलेखन हे डोळ्यांचे साहित्य मानले जाते. कानाच्या वाचकाची खरी परीक्षा तेथेच होते.

दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ चे. चैत्रापासून एकेका महिन्यावर एकेक लेख, आणि त्यांत रंगांची रेलचेल. मी हे पुस्तक विशीत डोळ्यांनी वाचले होते. नंतर वाचनकट्ट्यांवर त्यातले लेख ऐकले आणि अलीकडे स्क्रीन रीडरवर पुन्हा वाचले. मोठ्याने वाचणारे बहुतेक जण या लेखांना काव्य मानून वाचतात. आवाज मऊ होतो, विराम लांबतात. यंत्राला काव्य कळत नाही. त्याच्या सपाट आवाजात जे वर येते ते वेगळेच असते : कोणत्या झाडाची पाने आधी गळतात, कोणाची पालवी मागून येते, कोणते फूल कोणाच्या पाठोपाठ येते, याचा काटेकोर क्रम. दुर्गाबाई संशोधक होत्या हे आपण चरित्रात वाचतो. ते त्यांच्या वाक्यांच्या बांधणीत किती मुरलेले आहे, हे मला यंत्राच्या कोरड्या आवाजाने दाखवले. ‘ऋतुचक्र’ला ललितगद्याच्या दालनात ठेवून आपण त्यातल्या निरीक्षणाला अलंकार समजत आलो. ती नोंदवही आहे, आणि नोंदवही असूनच सुंदर आहे.

रंगांचे काय, असे कोणी विचारील. माझ्याकडे रंगांची आठवण आहे. जन्मापासून न दिसणाऱ्या माझ्या एका विद्यार्थ्याला मी हा प्रश्न विचारला, तेव्हा तो म्हणाला की सर, लाल कसा दिसतो ते मला माहीत नाही, पण लाल म्हटल्यावर माणसे कशी बोलू लागतात ते मला पक्के माहीत आहे. शब्द अनुभवातून येतो तसा तो इतर शब्दांच्या सहवासातूनही येतो. आपल्यापैकी बहुतेकांनी हिमनदी अशीच वाचलेली असते.

मारुती चितमपल्ली यांचा अनुभव निराळा. वनखात्यात आयुष्य घालवलेला हा लेखक २०२५ च्या जूनमध्ये गेला. त्यांच्या रानात कान अधिक जागा असतो, असे मला वाटते. चाहूल, हाक, शांतता यांना तेथे मोल आहे. पण माझ्या दृष्टीने त्यांचे महत्त्वाचे काम शब्दांचे आहे. कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’ आणि बगळ्यांच्या वसाहतीला ‘सारंगागार’ असे शब्द त्यांनी मराठीला दिले. असा शब्द ऐकून भागत नाही, तो सोडवून पाहावा लागतो. अभिवाचनात तो कानावरून निघून जातो. स्क्रीन रीडरवर मी थांबलो, अक्षरे मोजली, त्यातले ‘आगार’ सापडले आणि शब्द माझा झाला. परिभाषा घडवणाऱ्या लेखकाला असा थांबणारा वाचक हवा असतो.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘सत्तांतर’ ही वानरांच्या टोळ्यांची कहाणी; तिला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. माडगूळकर स्वतः कथनकार, आकाशवाणीत काम केलेले. त्यांची आखूड वाक्ये कोणत्याही आवाजात, कोणत्याही वेगाने तग धरतात. यंत्राला ते मोडता येत नाहीत आणि अभिवाचकाला फार सजवताही येत नाहीत. चांगल्या गद्याची ही एक कसोटी मानायला हरकत नसावी. गो. नी. दांडेकरांच्या ‘दुर्गभ्रमणगाथे’त मला आवडतात ते पाय : चढ, घसारा, पाण्याचे टाके गाठण्याची धडपड. दृष्टिहीन माणूस गड असाच पाहतो, तळव्यांनी आणि दमाने. ते पुस्तक ऐकताना मी लेखकाच्या मागे चालत नसून बरोबर चालत असतो.

अभिवाचनाचे एक अलीकडचे भूषण म्हणजे पार्श्वध्वनी. निसर्गलेखांच्या एका ध्वनिमुद्रणात ऐन थंडीतल्या पहाटेचे वर्णन चालू होते आणि मागे पावशा ओरडत होता. पावशा उन्हाळ्यात ओरडू लागतो, पावसाच्या तोंडावर त्याला ऊत येतो; थंडीत तो बहुधा गप्प असतो. चित्रकाराने पौषात बहरलेला गुलमोहर रंगवला असता तर संपादकाने तो परत पाठवला असता. ध्वनीच्या बाबतीत कोणी तपासत नाही, कारण ऐकणाऱ्याला एवढे कळत असेल असे कोणी धरून चालत नाही. या एका चुकीत श्राव्य पुस्तकाच्या निर्मात्याचे आपल्या श्रोत्याविषयीचे मत दिसते. त्याच्या लेखी श्रोता रमायला आलेला असतो, वाचायला नव्हे.

आपल्या स्थलवर्णनातही कान कसा गैरहजर असतो, याचे उदाहरण माझ्या घराजवळच आहे. जोगेश्वरीची लेणी सहाव्या शतकातली. त्यांच्याविषयी जे माझ्या वाचनात आले त्यात खांब आहेत, झिजलेली शिल्पे आहेत, भोवतालच्या वस्तीचा वेढा आहे. प्रत्यक्षात पायऱ्या उतरू लागले की द्रुतगती महामार्गाचा आवाज एकेका पायरीला कमी होत जातो. मोठ्या दालनात आपल्याच पावलाचा आवाज खांबापाशी एक आणि मोकळ्यात दुसरा होतो. पावसाळ्यात झिरपणाऱ्या पाण्याचे थेंब कुठे साचतात हे कानाला सांगता येते, आणि देवीपुढची घंटा वाजली की त्या जागेची सारी लांबी-रुंदी एका क्षणात कळते. हे लेणे डोळ्यांना झिजलेले दिसते, कानाला ते अजून शाबूत आहे. असे लिहिले जात नाही, कारण लिहिणाऱ्याने मनात धरलेला वाचक डोळसच असतो.

५

आता मूळ मुद्द्यावर येतो. यंत्र असो की अभिवाचक, दोघांच्याही आधी मजकूर लागतो, आणि तो मजकूर दृष्टिहीनाच्या हाती पोहोचत नाही.

कायदा आड येत नाही. प्रताधिकार कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने कलम ५२ खाली अपंग वाचकांसाठी पुस्तकाचे वाचनसुलभ रूपांतर करायला मोकळीक दिली. २७ जून २०१३ रोजी मराकेश येथे याच हेतूचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २०१४ साली त्याला मान्यता देणारा भारत हा जगातला पहिला देश ठरला. ३० सप्टेंबर २०१६ पासून तो करार अमलात आहे. त्याच वर्षी ‘सुगम्य पुस्तकालय’ हे दृष्टिहीनांसाठीचे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले. प्रकाशकांना भीती वाटते ती फाइल बाहेर फुटण्याची, आणि ती अगदीच निराधार नाही. पण कायद्याने दिलेली मोकळीक नफा न कमावता काम करणाऱ्यांना आणि अशा वाचकांपुरतीच आहे. शिवाय पुस्तक चोरणाऱ्याला आमच्या फाइलची गरज पडत नाही. तो छापील प्रत उचलून छायाचित्रे काढतो.

खरी अडचण छापखान्यात आहे. मराठीचे संगणकीय अक्षरजुळणीचे युग श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टांनी घडवले. त्या काळी दुसरा इलाजही नव्हता. या फॉन्टांत रोमन अक्षराच्या जागी देवनागरी अक्षराचे चित्र बसवलेले असते. पडद्यावर आणि कागदावर सुबक मराठी दिसते; आत मात्र रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी असते. स्क्रीन रीडर चित्र पाहत नाही, आत काय आहे ते वाचतो. देवनागरीला युनिकोडमध्ये स्थान १९९१ पासून आहे. तरी अजून कितीतरी मजकूर लेखकाकडून युनिकोडमध्ये येतो, जुळणीच्या टेबलावर जुन्या फॉन्टात बदलला जातो आणि पुस्तक छापून झाल्यावर मूळ फाइल टाकून दिली जाते. मग माझ्यासारखे लोक ते पुस्तक विकत घेतात, पान-पान स्कॅन करतात, अक्षरओळखीच्या कार्यक्रमातून काढतात आणि ‘घ’चा ‘ध’ झालेला, ‘भ’चा ‘म’ झालेला मजकूर महिनाभर दुरुस्त करत बसतात. जो मजकूर मुळात डिजिटल होता तो कागदावर उतरवून पुन्हा डिजिटल करण्याचा हा खटाटोप आहे.

दिवाळी अंकांची गोष्ट वेगळी नाही. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठीतले कितीतरी चांगले लेखन प्रथम या अंकांतूनच आले. यांपैकी किती अंक दृष्टिहीन वाचकाला त्या दिवाळीत, इतरांबरोबर वाचता येतात? मला तर बहुतेक लेख दोन-चार वर्षांनी पुस्तकात आल्यावर, आणि पुस्तक स्कॅन झाल्यावर भेटले. तोवर त्यांवरची चर्चा विझलेली असते. वाङ्मयीन संस्कृतीत सामील होणे म्हणजे वेळेवर वाचणे. उशिरा मिळालेले वाचन हे शिळे फराळाचे ताट असते. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. जी भाषा आपले नवे साहित्य आपल्याच वाचकाला वेळेवर देऊ शकत नाही, तिला त्या दर्जाचा उपयोग कोणासाठी, हा प्रश्न मला विचारावासा वाटतो.

मागणी फार मोठी नाही. प्रकाशकाने आणि संपादकाने शेवटच्या मुद्रितानंतरचा मजकूर युनिकोडमध्ये जपून ठेवावा आणि वाचनसुलभ पुस्तके करणाऱ्या ग्रंथालयाला पुस्तक बाजारात येईल त्या आठवड्यात द्यावा. श्राव्य पुस्तक काढणाऱ्यांनी प्रकरणांच्या आणि पानांच्या खुणा ठेवाव्यात, आणि पाखरांचे आवाज घालायचेच असतील तर पाखरे ओळखणाऱ्या कोणाला तरी आधी ऐकवावेत. भाषेच्या अभ्यासकांनी दोन उच्चारांच्या शब्दांची यादी करून ती आवाज घडवणाऱ्यांच्या हाती द्यावी. हे काम एखादे विद्यापीठ एका वर्षात करू शकेल. समीक्षकांनी श्राव्य पुस्तकावर लिहिताना ‘आवाज छान आहे’ याच्या पलीकडे जाऊन त्या आवाजाने मजकुराचे काय केले ते सांगावे.

हा लेख मी युनिकोडमध्ये टाइप करून, ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ अक्षर-अक्षर तपासून संपादकांकडे पाठवला आहे. छापून आल्यावर तो माझ्या संगणकाला वाचता येईल की नाही, हे अक्षरजुळणीच्या टेबलावर ठरेल.